पाटीची वरची ओळ

पॉलिशवाली: मधली ओळ काढायची म्हणजे कशी काढायची, मास्तर? पुसून टाकायला ती काय फळ्यावर खडूने लिहिलीय?

मास्तर: घासून काढा. घासायचाच धंदा आहे ना तुमचा? 'आणि बंधू' एवढे दोन शब्द नकोत. बाकी दुकानाची पाटी जशीच्या तशी राहिली पाहिजे.

पॉलिशवाली: हे बघा, मी दाराच्या कड्या उजळते, बँडवाल्यांचे कर्णे उजळते, हॉटेलाच्या जिन्याचे कठडे उजळते. काळं झालेलं पितळ माझ्याकडे द्या, तोंड बघून घ्या त्यात. पण हे कोरलेलं आहे. अक्षर जेवढं खोल, तेवढं सगळं पितळ वरून उतरवावं लागतं. पाटी पापडासारखी होईल.

मास्तर: होऊ दे.

पॉलिशवाली: आणि मध्येच खड्डा दिसेल. येणारा-जाणारा विचारेल, मास्तर, इथे काय होतं?

मास्तर: विचारू दे. सांगेन, काही नव्हतं.

पॉलिशवाली: पण झालं काय एवढं? मी इथे दुकान टाकलं त्याच्या आधीपासून तुमच्या दारावर 'आणि बंधू' बघतेय.

मास्तर: बंधू गेला.

पॉलिशवाली: अगबाई! कधी? परवा तर मला रस्त्यात भेटले, हसून बोलले...

मास्तर: तसा नाही गेला. चांगला ठणठणीत आहे. दुकानातून गेला. म्हणजे मी घालवला.

पॉलिशवाली: मग तसं सांगा ना! एवढ्याशा गोष्टीला 'गेला' काय म्हणता?

मास्तर: एवढीशी? बाई, तुम्हाला शिवणकाम कळतं का?

पॉलिशवाली: बटण तुटलं तर पिन लावते.

मास्तर: मग ऐका. वकीलसाहेबांचा काळा कोट होता. भारी कापड. साहेब कोट घालून बघायला आले. एक बाही घातली, बसली. दुसरी घातली, तर कोपर पुढे आणि तळवा मागे. साहेब आरशासमोर असे उभे, जसा काही कोणी त्यांचा हात पिरगाळलाय. बघतो तर दोन्ही बाह्या डाव्या!

पॉलिशवाली: दोन्ही डाव्या?

मास्तर: दोन्ही. कापड कमी पडत होतं म्हणून बाह्या एकेक करून कापल्या. तसं कापताना कागदाचा नमुना दुसऱ्या वेळी पालथा घालावा लागतो. नाही घातला, तर एकाच हाताच्या दोन बाह्या निघतात. शिकाऊ पोरगं पहिल्या महिन्यात करतं ही चूक, आणि कान लाल होईपर्यंत बोलणी खातं. इथे केस पिकलेल्या माणसाने केली.

पॉलिशवाली: मग धाकटे मास्तर काय म्हणाले?

मास्तर: काय म्हणणार? खाली मान घातली आणि म्हणाला, साहेब, माझ्या हातून झालं. दादाचा काही दोष नाही. गिऱ्हाइकासमोर! साहेब मला म्हणाले, मास्तर, तुमच्यासारख्या कारागिराच्या दुकानात असली माणसं ठेवू नका. मी तिथल्या तिथे सांगितलं, तुझी टेप काढून ठेव आणि चालता हो.

पॉलिशवाली: काल वेगळं सांगितलंत.

मास्तर: काल? काल मी तुमचं घासायचं चाक चालू आहे का एवढंच विचारायला आलो होतो.

पॉलिशवाली: विचारायला आलात आणि अर्धा तास बसलात. भावाचं, बाह्यांचं नाव नव्हतं काढलंत, नुसतं एका कोटाचं सांगत होतात. काल साहेब काही बोलले नव्हते. कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि निघून गेले. आज चांगलं लांबलचक बोलले. उद्या परत याल तर साहेब तुमच्या पाया पडतील.

मास्तर: मी खोटं बोलतोय?

पॉलिशवाली: खोटं कुठे म्हटलं मी? गोष्ट घासताय म्हटलं. रोज जरा जरा. चकाकायला लागलीय आता. माझ्या सासूबाई मला नेहमी म्हणायच्या, अगं, जरा घासूनपुसून बोलत जा. मी म्हणायचे, दिवसभर पितळ घासते, तोंड तरी राहू द्या तसंच.

मास्तर: बाई, तुम्ही पाटी करून देणार आहात का?

पॉलिशवाली: देणार हो. मग धाकटे मास्तर आता कुठे जाणार?

मास्तर: सोमवारपासून कारखान्यात. तयार कपड्यांच्या. तिथे एक जण नुसत्या कॉलरी शिवतो, एक जण नुसती काजं करतो. आमचा हा खिसे शिवणार म्हणे. अख्खा कोट शिवणारा माणूस, आता जन्मभर खिसे शिवेल. शिवू दे. चार दिवसांत नाक घासत येईल.

पॉलिशवाली: नाक घासत! बघा, माझा शब्द लोकांना किती आवडतो. नाक घासत येईल, टाचा घासत मरेल. भाव करायला आलं की घासाघीस. नको तेच तेच बोललं की घासून गुळगुळीत. आणि घरातला एक तांब्या घासायला सांगा, सगळ्यांचे हात दुखतात.

मास्तर: माझे नाही दुखत. ही पाटी मी रोज सकाळी स्वतः घासतो. कुलूप काढायच्या आधी. आमच्या वडिलांनी लावलेली शिस्त. पाटी मळकट तर कारागीर मळकट. कुणाला हात लावू दिला नाही मी पाटीला. तशीच कात्री. माझ्या कात्रीला आजवर माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही.

पॉलिशवाली: भावानेसुद्धा?

मास्तर: त्याने मापं घ्यायची, शिवायचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. कापायचं मी. कापड एकदा कापलं की कापलं. ते काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही.

पॉलिशवाली: बरं. मास्तर, या पाटीला घासायला काय वापरता तुम्ही?

मास्तर: आधी राख वापरायचो. मग ती तुमच्यासारख्यांकडे मिळते ती पांढरी पूड. आता वर्षभर पॉलिश पेपर.

पॉलिशवाली: पॉलिश पेपर? पितळेवर? रोज?

मास्तर: त्याशिवाय निघतच नाही मळ. हल्ली रस्त्यावर धूळ किती झालीय.

पॉलिशवाली: थांबा, किती जाड उरलीय ते बघते पालथी घालून. हं. बरीच झिजलीय हो. आता असं करू, नंतर बोलाचाली नको, पाटीवर वर काय आहे ते तुम्ही एकदा वाचून दाखवा. म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते नक्की होईल. मी धरते, तुम्ही वाचा.

मास्तर: त्यात काय वाचायचं? हे बघा, वरच्या ओळीत माझं नाव, आडनावासकट. ठळक. मध्ये 'आणि बंधू'. हे काढायचं. खाली बारीक अक्षरात, 'कपडे मापात शिवून मिळतील'. आणि कोपऱ्यात कात्रीचं चित्र. छान दिसतंय बघा कसं. आज सकाळीच हात फिरवलाय.

पॉलिशवाली: मास्तर...

मास्तर: काय?

पॉलिशवाली: मी मेली पालथीच धरलीय की पाटी. ही मागची बाजू आहे. मुद्दाम नाही हो केलं. जाडी बघायला पालथी घातली ती तशीच उचलली. पण तुम्ही...

मास्तर: पाठ आहे मला. जन्म गेला त्या पाटीखाली. स्वतःचं नाव वाचायला माणसाला बघावं लागतं का?

पॉलिशवाली: नाही, ते खरंच. पण छान दिसतंय म्हणालात.

मास्तर: तुमच्या दुकानात उजेड कमी आहे. दिवा लावा आधी.

पॉलिशवाली: दुपारचं ऊन आलंय इथपर्यंत, मास्तर.

(धाकटा दारातून आत येतो. धावत आल्यामुळे त्याला धाप लागली आहे.)

धाकटा: ताई, आमचा दादा... अरे, आहेस होय इथे! दादा, पाटी कुठाय? दारावर नुसती चार भोकं बघितली. म्हटलं, दुकान बंद केलंस का काय! शेजारचा चपलावाला म्हणाला, मास्तर काखेत काहीतरी गुंडाळून इकडे आले. इथपर्यंत पळत आलोय. या वयात. लोक बघत होते.

मास्तर: बाई, त्याला विचारा, दुकानाशी त्याचा काय संबंध?

पॉलिशवाली: मी का विचारू? हाताच्या अंतरावर उभे आहेत ते.

मास्तर: विचारा म्हणतो ना.

पॉलिशवाली: धाकटे मास्तर, तुमचा दुकानाशी काय संबंध, असं विचारतायत.

धाकटा: किल्ली द्यायला गेलो होतो. सोमवारी कामावर जायचंय, म्हटलं उगाच माझ्याकडे कशाला. त्याला म्हणावं, ही घे किल्ली.

पॉलिशवाली: ही घ्या किल्ली. मला पगार लावा दोघांनी मिळून.

मास्तर: किल्ली तिथे ठेवायला सांगा. आणि म्हणावं, आता निघ. आम्ही कामात आहोत.

धाकटा: काम कसलं? पाटी उजळायला आणलीस? तू? दुसऱ्याला हात लावू देत नाहीस, आणि आज... ताई, कसलं काम आहे?

पॉलिशवाली: तुम्हाला घासून काढायचं.

धाकटा: मला?

पॉलिशवाली: 'आणि बंधू' एवढं. बाकी जशीच्या तशी.

धाकटा: असं होय. मग काढा ना. बरोबरच आहे. बंधू नाही तर पाटीवर कशाला? गिऱ्हाइकाची फसवणूक नको. दादाचं सगळं कसं रीतसर असतं.

मास्तर: टोमणे मारायची गरज नाही.

पॉलिशवाली: बोलले! माझ्या मध्यस्थीशिवाय बोलले!

धाकटा: टोमणा नाही रे. खरंच म्हणतोय. आण इकडे पाटी, शेवटची बघून तरी घेतो. अरे... ताई, ही आमचीच पाटी ना?

पॉलिशवाली: तुमचीच.

धाकटा: मग दादाचं नाव कुठाय?

मास्तर: वर. पहिल्या ओळीत. तुला वाचता येत नाही का?

धाकटा: दादा, पहिली ओळ नाहीच आहे. गुळगुळीत झालंय सगळं. तिरपं धरलं की पहिलं अक्षर थोडंसं दिसल्यासारखं वाटतं, बाकी सफाचट. 'आणि बंधू' मात्र ठसठशीत आहे. खालची बारीक ओळही आहे.

मास्तर: काहीतरी बरळू नकोस.

धाकटा: शपथ घेऊ? इतके दिवस मी मागच्या दारानेच येतो-जातो, पुढे बघितलंच नाही. ताई, तुम्ही सांगा.

पॉलिशवाली: मी मघापासून तेच कसं सांगावं या विचारात होते. वर माझ्या हाताला एकही अक्षर लागत नाहीये. तुम्ही मधली ओळ काढायला सांगताय, ती काढली तर पाटीवर उरणार 'कपडे मापात शिवून मिळतील'. कोण शिवणार, पत्ता नाही.

मास्तर: द्या इकडे. बोटाने बघतो. ...

पॉलिशवाली: सावकाश. कड धारदार आहे.

मास्तर: वर काही लागत नाही.

धाकटा: तेच म्हणतोय.

मास्तर: खाली टोचतंय. खाली चांगलं खोल आहे. ... म्हणजे माझा संशय खरा होता.

धाकटा: कसला संशय?

मास्तर: तू तुझी ओळ चोरून घासत होतास.

धाकटा: काय?

मास्तर: साळसूदपणा पुरे. वर्षभर बघतोय मी. सकाळी दारात उभा राहतो, माझ्या नावाकडे बघतो, तर माझं नाव मळकट. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून 'आणि बंधू' कसं लख्ख! रोज! मी माझी ओळ घासतोय, घासतोय, पॉलिश पेपर आणला, तरी माझी मळकट, तुझी लख्ख. मग काय समजायचं माणसाने? माझी पाठ वळली की तू येऊन तुझी चकाकवून जातोस. स्वतःची ओळ तेवढी! थोरल्या भावाच्या ओळीवरून फडकं फिरवायला हात झिजले असते?

धाकटा: दादा, तू म्हणून हे बोलतोयस. दुसरा कोणी असता तर मी पोट धरून हसलो असतो.

पॉलिशवाली: मास्तर, जे घासतं ते झिजतं हो. मधल्या ओळीला कोणी हात लावला नाही म्हणून ती शाबूत आहे. तिच्यात वर्षांचा मळ बसलाय, म्हणून ती काळी आणि ठळक. ती काही चकाकत नाहीये. चकाकतंय ते वरचं. तुमचं.

मास्तर: मग मला मळकट का दिसायचं?

पॉलिशवाली: ते... मी पितळवाली. त्यातलं मला काय कळणार?

मास्तर: बल्ब बदलला मी दारावरचा. मोठा लावला. चष्मा दिवसातून दहादा पुसतो. हा बघ, आत्ताही पुसला.

धाकटा: चष्मा पुसून पुसून काच घालवलीस तू, दादा. मळ काचेवर नाहीये.

मास्तर: मग कुठे आहे?

धाकटा: ...

मास्तर: बोल ना. गिऱ्हाइकासमोर बरा पोपटासारखा बोलतोस. साहेब, खांद्यात थोडं सैल ठेवतो, तुमची छाती भरदार आहे. भरदार कसली, पोट सुटलेलं असतं. तिथे जिभेला लोणी, आणि माझ्यासमोर दातखीळ?

धाकटा: काय बोलू? तू ऐकून घेतोस का कुणाचं?

पॉलिशवाली: मी जाते वाटल्यास आत.

मास्तर: थांबा. तुम्ही साक्षीला थांबा. बाई, याने वकिलासमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की दोन्ही डाव्या बाह्या याने कापल्या. केलंस ना रे?

धाकटा: केलं.

मास्तर: ऐकलंत?

पॉलिशवाली: ऐकलं. पण एक विचारते हं. रागावू नका. मघाशी तुम्हीच म्हणालात, कात्रीला तुमच्याशिवाय आजवर कोणी हात लावलेला नाही.

मास्तर: नाहीच लावलेला.

पॉलिशवाली: मग यांनी बाह्या कापल्या कशाने? दाताने?

धाकटा: ताई, जाऊ द्या ना.

पॉलिशवाली: गेलं. मी काही म्हटलंच नाही.

मास्तर: काळं कापड होतं. काळ्या कापडाची सुलट-उलट चांगल्या चांगल्यांना ओळखू येत नाही. त्यात ढग आले होते त्या दिवशी.

धाकटा: हो. ढग होते.

मास्तर: माझ्या होला हो करू नकोस!

धाकटा: मग काय करू? ढग नव्हते म्हणू? कडक ऊन होतं, दादा. तू खिडकीत उभा राहून कापत होतास. नमुना पालथा घातलाच नाहीस. मी मशीनवरून बघत होतो. वाटलं ओरडावं. पण दुकानात ती दोन कॉलेजची मुलं बसली होती मापं द्यायला. त्यांच्यासमोर कसं ओरडणार? म्हटलं, नंतर गुपचूप उजवी बाही नवीन कापतो. पण त्याच रंगाचं कापड मिळेना. आणि साहेब एक दिवस आधीच आले.

मास्तर: गुपचूप कापतो म्हणजे? माझ्या कात्रीने?

धाकटा: घरच्या. बायकोच्या. ती तुझ्या कात्रीचा राग करते, म्हणते सवत आहे माझ्या मोठ्या जावेची.

मास्तर: याआधी कापलंयस कधी?

धाकटा: एकदोनदा.

मास्तर: खरं सांग.

धाकटा: वर्षभर. म्हणजे सगळंच नाही. बहुतेक वेळा नुसती खडूची रेघ जाड करायचो. तू जेवायला घरी गेलास की तुझ्या रेघांवरून पुन्हा खडू फिरवायचो. दाबून. म्हणजे तुला नीट... म्हणजे कात्री सरळ जाईल.

मास्तर: तो खडू तू होतास?

धाकटा: हो.

मास्तर: मला वाटलं, हल्ली खडू चांगला येतोय. मी दुकानदाराला मुद्दाम जाऊन सांगितलं, हाच माल आण म्हणून.

पॉलिशवाली: अरे देवा.

मास्तर: म्हणजे वर्षभर तू मला बनवत होतास. मी इकडे गिऱ्हाइकाला सांगतोय, बघा, या वयातही हात कसा चालतो! आणि तू मागे उभा राहून माझ्या कामाला पॉलिश मारतोयस.

धाकटा: थोडं मारलं. मोठं काम तुझंच होतं.

मास्तर: त्यापेक्षा तोंडावर सांगायचं होतंस.

धाकटा: सांगितलं असतं तर तू कात्री खाली ठेवली असतीस का मला फेकून मारली असतीस?

मास्तर: फेकून मारली असती.

धाकटा: मग? मलाही घरदार आहे.

मास्तर: आणि वकिलासमोर माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस. मी तुला सगळ्यांदेखत चालता हो म्हटलं, तरी तोंडातून शब्द काढला नाहीस. लाज वाटली नाही?

धाकटा: वाटली ना. गल्लीतून मान खाली घालून गेलो. पण तुझी गेली असती तर जास्त वाटली असती. गावातला प्रत्येक कोट तू कापलायस. माझं काय, मी टेपवाला. टेपवाल्याच्या हातून चूक झाली म्हणून कोणी दुकान बदलत नाही.

मास्तर: मला माहीत होतं.

धाकटा: काय?

मास्तर: बाह्या माझ्या हातच्या आहेत हे. साहेबांनी हात वर केला तेव्हाच कळलं. माझी कापायची धाटणी मला कळणार नाही? पण तू म्हणालास, माझ्या हातून झालं. म्हटलं, झालं असेल. चांगलं वाटलं ऐकायला. मग घरी जाऊन बायकोला सांगितलं, याने घोळ घातला. मग चपलावाल्याला सांगितलं. आज यांना सांगितलं. सांगता सांगता माझाच विश्वास बसला. वाईट वागलो मी तुझ्याशी. फार वाईट वागलो.

धाकटा: असू दे.

मास्तर: असू दे काय? असू दे म्हणूनच तर वर्षभर असं चाललं.

पॉलिशवाली: मास्तर, पाण्याचा तांब्या ठेवलाय तुमच्या उजव्या हाताला. आणि मधेच विचारते, कारण चाक तापून थंड झालं माझं. पाटीचं काय करायचं?

मास्तर: घासू नका. अजिबात घासू नका. तुमच्या ओळखीत कोणी कोरणारा आहे का?

पॉलिशवाली: आहे. हात चांगला आहे, वेळ पाळत नाही.

मास्तर: त्याच्याकडून वरची ओळ परत कोरून घ्या. होती तशी. मधल्या ओळीला हात लावायचा नाही म्हणावं.

पॉलिशवाली: काळीच ठेवू? मळ तरी काढते. फुकट काढते.

मास्तर: काळीच ठेवा. बरी वाचता येते.

धाकटा: दादा, पण सोमवारी मी कारखान्यात हजर होतो म्हणून सांगितलंय.

मास्तर: मग जा. शब्द दिलाय तर जायला पाहिजे.

धाकटा: तुझं कसं होणार?

मास्तर: माझं काय व्हायचंय? मापं मी घेईन. हात चुकत नाही मापाला, टेपच्या खुणा बोटाला लागतात. गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिकेन. साहेब, भरदार छाती. जमेल. कापायला तेवढा माणूस बघायला हवा.

धाकटा: कापायला?

मास्तर: हं. कापायला.

धाकटा: कारखान्यातून सुटलेला एक खिसेवाला आहे. चालेल?

मास्तर: खिसे बरे शिवतो का?

धाकटा: अजून एकही शिवलेला नाही.

मास्तर: मग बिघडलेला नसेल. त्याला म्हणावं, सोमवारी सकाळी ये. पण आधी कारखान्यात जाऊन नाही म्हणून सांगून ये. न सांगता दांडी मारायची नाही. आपल्या घराण्यात तसं नाही.

धाकटा: सांगतो. पण एक अट आहे खिसेवाल्याची. उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. तो बरोबर येणार.

मास्तर: डॉक्टर काय करणार? थेंब देईल.

धाकटा: थेंब तर थेंब. काय ते कळेल तरी. बल्ब, चष्मा, खडू, ढग... आता बदलण्यासारखं काही उरलेलं नाहीये, दादा.

मास्तर: सकाळी लवकर जाऊ. ओळखीचं कोणी भेटायला नको.

धाकटा: लवकर जाऊ.

पॉलिशवाली: मी आत चहा टाकते. दुधाचा पत्ता नाही, कोराच मिळेल. भांडंही काळंकुट्ट आहे, आधीच सांगते. पितळवालीच्या घरात घासायला कुणाला वेळ असतो?

मास्तर: चालेल, बाई. टाका.

धाकटा: मला साखर जरा जास्त, ताई.

मास्तर: तुला साखर कमी सांगितलीय ना?

धाकटा: ...

मास्तर: का रे? गप्प का झालास?

धाकटा: काही नाही.

मास्तर: हसतोयस?

धाकटा: ...

मास्तर: की रडतोयस?

धाकटा: समोरच तर उभा आहे तुझ्या. बघ की.

मास्तर: दिसत नाही रे. तूच सांग.